आडव्या आकाराचा वेताळ

मागच्या महिन्यात पुतण्या अमेरिकेहून आला, तो येताना माझ्यासाठी एक पुस्तक घेऊन आला. जाड पुठ्ठ्याची बांधणी, गुळगुळीत कागद आणि आकार असा की घरातल्या एकाही कपाटात बसेना. उभं ठेवलं तर खाली पडतं, आडवं ठेवलं तर निम्मं बाहेर येतं आणि कपाटाची काच सरकत नाही. शेवटी शिवणयंत्राच्या झाकणावर त्याची सोय झाली. त्यामुळे सौ.ला दोन दिवस शिवण करता आलं नाही आणि तिने ते बोलूनही दाखवलं. असो.

पुस्तक वेताळाचं. म्हणजे मूळच्या फँटमचं. पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना वेताळ कोण हे सांगायला नको. नातवंडं वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ली फॉक या लेखकाने हा नायक निर्माण केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून तो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोज येऊ लागला. रोज तीन-चार चौकटींची एक पट्टी, काळी-पांढरी. १९३९ पासून रविवारची रंगीत कथा वेगळी सुरू झाली. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं, पुढे ते मराठीतही येऊ लागलं आणि १९९० मध्ये बंद पडलं.

साठ पैशांचं कॉमिक विकत घेण्याची आमच्या घरी प्राज्ञा नव्हती. बाजारपेठेत एक दुकानदार ते पाच पैसे भाड्याने द्यायचा. तिथेच फळीवर बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. माझ्या आधी वीस-पंचवीस जणांनी हाताळलेलं असायचं. कडा मऊ झालेल्या, मधली पिन निघालेली. वेताळाचा जांभळा रंग कधी अंगाबाहेर सरकलेला, तर कधी शेजारच्या घोड्याच्या मानेवर आलेला! आम्हाला ते चुकीचं वाटायचंच नाही.

आता हे नवं पुस्तक उघडलं आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे त्याचा आकार आडवा का आहे. रोजची पट्टी आडवीच असते. ती जशीच्या तशी छापायची तर पुस्तकही आडवं हवं. इंद्रजाल उभं होतं. आडव्या पट्ट्या उभ्या पानात बसवायच्या तर चौकटी सुट्या करून एकाखाली एक लावायच्या. जागा पुरली नाही तर कडेने कापायच्या, नाहीतर एखादी गाळूनच टाकायची. वर्तमानपत्रात कालचं विसरलेल्या वाचकासाठी थोडी उजळणी असते, तीही सलग पुस्तकात नको होते. शिवाय वेताळाचा देश मुळात ‘बेंगाला’. आपल्याकडे बंगालशी गोंधळ नको म्हणून त्याचं ‘डेंकाली’ झालं. म्हणजे मी ज्याला मूळ वेताळ समजत होतो तो आधीच कापून, जोडून, नाव बदलून आलेला होता. मूळ समजत होतो तेच पुनर्मुद्रण!

आणि जांभळा रंग? त्याचीही गंमत आहे. ली फॉकच्या मनात वेताळाचा पोशाख करडा होता. रोजची पट्टी काळी-पांढरी, त्यामुळे कुणाला प्रश्न पडला नाही. रविवारची रंगीत कथा सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. इटलीत तो लाल झाला, स्वीडन-नॉर्वेकडे निळा. तिकडच्या वाचकाला जांभळा वेताळ दाखवला तर तो म्हणेल, हे काय सोंग आणलंय!

मग मी या विषयाच्या मागेच लागलो. निवृत्त माणसाला वेळच वेळ. जुन्या चित्रकथा पुन्हा छापायच्या तर मूळ प्रत कुठून आणायची, हा त्यातला खरा प्रश्न आहे. चित्रकाराने काढलेली मूळ चित्रं बहुतेक वेळा राहिलेलीच नसतात. कुणाला भेट दिली, कुणी टाकून दिली. त्या काळी त्यांना किंमत नव्हती. त्याखालोखाल उत्तम म्हणजे छपाईआधी चांगल्या कागदावर काढलेली प्रुफं. हॅल फॉस्टरच्या ‘प्रिन्स व्हॅलिअंट’चं नशीब थोर. ही कथा १९३७ सालची. फॉस्टरजवळची रंगीत प्रुफं सिरॅक्यूज विद्यापीठात सुरक्षित राहिली आणि त्यांवरून २००९ पासून नवे खंड निघाले. त्यातली काही पानं पुतण्याने संगणकावर दाखवली. किल्ल्याच्या भिंतीचा एकेक दगड मोजता येतो!

ज्यांची प्रुफं नाहीत त्यांच्यासाठी जुनी छापील प्रत शोधायची. त्यात रंग आणि रेषा एकमेकांत मिसळलेल्या. ग्रेग थीकस्टन नावाच्या गृहस्थाने यावर एक उपाय काढला. छापील पानच रसायनात बुडवायचं, रंग उडून जातो, काळी रेष उरते. मग तिच्यावर नव्याने रंग द्यायचे. पण त्यात ती जुनी प्रत कामी येते ती येतेच, पुन्हा मिळत नाही. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. पुस्तक वाचवण्यासाठी पुस्तक मारायचं. अर्थात त्याशिवाय काही कथा आज कुणाला वाचायलाच मिळाल्या नसत्या, हेही खरं. आता संगणकामुळे त्याची गरज राहिलेली नाही.

रंगांचा वाद मात्र अजून चालू आहे. पूर्वीचा कागद वर्तमानपत्राचा, खरबरीत, शाई पिणारा. तो पिईल हे धरूनच रंग भडक निवडलेले असत. तेच रंग आज पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर छापले की डोळ्यांत घुसतात, जत्रेतल्या फुग्यांसारखे. म्हणून काही प्रकाशक आता मुद्दाम बिनचकाकीचा कागद वापरतात, तर काही जण जुनं पानच पिवळेपणासकट, ठिपक्यांसकट छापतात. माझं मत विचाराल तर मला पिवळेपणासकटच आवडतं. पुतण्या म्हणतो, काका, ते पान छापलं तेव्हा पिवळं नव्हतं! त्याचंही बरोबर आहे. पण मी ते वाचलं तेव्हा होतं ना.

आकाराचं म्हणाल तर त्यालाही अंत नाही. विन्सर मॅके याची ‘लिटल निमो’ १९०५ मध्ये न्यूयॉर्क हेरल्डमध्ये सुरू झाली, वर्तमानपत्राचं अख्खं पान व्यापून. पुढे तिची पुस्तकं निघाली ती लहान करून. २००५ मध्ये पीटर मरेस्का यांनी ती मूळ आकारात काढली, १६ बाय २१ इंच! ते पुस्तक जमिनीवर पसरून, पालथं पडून वाचायचं. सत्तरीनंतर पालथं पडणं सोपं आहे, उठणं अवघड.

पण या सगळ्यात माझ्या मनात घर करून राहिला तो बिल ब्लॅकबिअर्ड. अमेरिकेतली ग्रंथालयं जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म काढून मूळ बांधीव खंड टाकून देत होती. फिल्म काळी-पांढरी, म्हणजे रविवारच्या रंगीत पानांचा रंग कायमचा गेलाच. या माणसाने साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एक संस्था काढली. एकट्या माणसाला ग्रंथालयं खंड देईनात, संस्थेला देत होती, म्हणून संस्था. ते सगळं घरात आणून ठेवायचं, चित्रकथा कापून तारखेप्रमाणे लावायच्या. अखेर तो संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा त्याचं वजन ७५ टन भरलं. आज निघणाऱ्या कितीतरी संग्रहांतली पानं त्याच्या त्या रद्दीतून आलेली आहेत. २०११ मध्ये तो वारला.

हे वाचलं आणि मला आमच्या शिक्षक-खोलीतलं लोखंडी कपाट आठवलं.

वर्गात मुलांकडे कॉमिक सापडलं की ते जप्त करायचं, हा तेव्हाचा नियम होता आणि मी तो कडकपणे पाळत असे. भूगोलाच्या पुस्तकात वेताळ, इतिहासाच्या पुस्तकात मॅन्ड्रेक. मला नुसत्या मानेच्या कोनावरून कळायचं, कारण मीही एके काळी तेच केलेलं होतं. जप्त केलेली कॉमिक्स त्या कपाटात जायची आणि एप्रिलमध्ये जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर रद्दीवाल्याला. किलोवर. एका वर्षी सातवीतला एक मुलगा निकालाच्या दिवशी आला. म्हणाला, “सर, माझं इंद्रजाल द्या ना. माझं नाही ते, भाड्याचं आहे. दुकानदार रोज पैसे मागतो.” मी त्याला चार शब्द ऐकवले आणि परत पाठवलं. कॉमिक तोवर रद्दीत गेलेलं होतं, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. त्याने दुकानदाराचे पैसे कसे फेडले असतील, हे त्या वेळी माझ्या डोक्यातही आलं नाही. आता मात्र येतं.

त्या कपाटातलं एकच कॉमिक माझ्याकडे उरलं आहे. मुखपृष्ठ नाही, शेवटची दोन पानं नाहीत. ते कुणाचं, हे आठवत नाही. परवा ते त्या आडव्या पुस्तकाशेजारी ठेवून पाहिलं. पुस्तकातली रेष अगदी स्वच्छ, चौकटीच्या कडेची झाडं पूर्ण, वेताळाच्या मागे उभी माणसंही दिसतात. माझ्या प्रतीतला वेताळ मात्र जांभळ्या डागातून अर्धा बाहेर आलेला. पहिल्या पानावर पेन्सिलने ‘वि’ असं अक्षर आहे. पुढचं पुसलेलं आहे. भिंग घेऊन पाहिलं, लागत नाही. माझ्या वर्गात विजय होते, विनायक होते, विलास तर तीन होते.

पुतण्याचा काल फोन आला होता, पुढचा खंड पाठवू का म्हणून. पाठव म्हटलं. सुताराला सांगितलं आहे, कपाटाचा एक खण खोल करून द्यायला. तो म्हणाला, एवढ्या मोठ्या आकाराचं काय ठेवायचंय? मी म्हटलं, वेताळ.