निर्वात नलिकेच्या ॲम्प्लिफायरमधील अनिष्ट आंदोलन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इ.स. १९५० ते १९७० या काळातील गिटारचे नलिकायुक्त ॲम्प्लिफायर संगीतक्षेत्रात आजही जपले जातात. बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झालेल्या ईसीसी ८३ व ईएल ८४ या नलिका जगभरातील अशा यंत्रांत बसविल्या गेल्या आहेत. या यंत्रांतून पुष्कळदा तार न छेडताही शिटी, घुमणे किंवा मोटारबोटीसारखी भकभक ऐकू येते. हेच अनिष्ट आंदोलन होय. त्याच्या निवारणाचा मार्ग नलिकेच्या इतिहासातूनच सापडतो, हे प्रस्तुत निबंधात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

एकाच गुणाची दोन रूपे :

ली डी फॉरेस्ट यांनी इ.स. १९०६ मध्ये तीन अग्रांची नलिका तयार केली. इ.स. १९१२ मध्ये एडविन आर्मस्ट्राँग यांनी नलिकेतून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश पुन्हा तिच्या जाळीकडे वळविला, तेव्हा विवर्धन अनेक पटींनी वाढले. हेच पुनर्भरण मर्यादेपलीकडे गेले की नलिका स्वतःच आंदोलने निर्माण करू लागते. म्हणजे ग्राहक यंत्राचा दोष हाच प्रक्षेपकाचा प्राण ठरला.

याचे उदाहरण आपल्या परिसराशी निगडित आहे. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. दीड किलोवॅट शक्तीच्या या केंद्राचा प्रभावी पल्ला सुमारे ४८ किलोमीटर होता. मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर असलेले पनवेल त्या पल्ल्यात येत होते. केंद्रावर आंदोलन हवे होते. श्रोत्याच्या यंत्रात मात्र तेच नको होते. पुनर्भरणाची कळ जास्त फिरविल्यास श्रोत्याचे यंत्रच छोटे प्रक्षेपक बनून शेजाऱ्याच्या श्रवणात व्यत्यय आणीत असे.

निवारणाचे टप्पे :

पहिला प्रश्न नलिकेच्या आतील धनाग्र व जाळी यांमधील धारितेचा होता. हेझल्टाइन यांच्या न्यूट्रोडाइन मंडलाने आणि त्यानंतर आलेल्या पडदा-जाळीच्या नलिकेने तो सोडविला. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र हीच जवळीक तारांच्या मांडणीतून पुन्हा उद्भवते. धनाग्राची तार जाळीच्या तारेलगत आली की उच्च स्वराची शिटी सुरू होते. लाकडी काडीने तार हलविताच आवाज बदलल्यास कारण तेथेच आहे असे समजावे. जाळीच्या टोकाशी काही हजार ओहमचा रोधक बसविणे हा त्यावरील जुना उपाय आहे.

दुसरा प्रश्न सामाईक वीजपुरवठ्याचा. सर्व टप्पे एकाच पुरवठ्यावर चालतात. त्यांना अलग ठेवणारी धारित्रे कालांतराने सुकली की मंद भकभक सुरू होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या यंत्रात प्रथम याचीच शंका घ्यावी.

तिसरा प्रश्न हॅरॉल्ड ब्लॅक यांच्या इ.स. १९२७ च्या ऋण पुनर्भरणाच्या कल्पनेशी जोडलेला आहे. त्याच्या स्थैर्याची अट हॅरी नायक्विस्ट यांनी इ.स. १९३२ मध्ये सिद्ध केली. निर्गम रोहित्र बदलताना त्याच्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर ऋण पुनर्भरण धन होते आणि यंत्र सुरू होताच किंचाळते. त्या दोन तारा परत फिरविणे एवढाच त्यावर इलाज असतो. परंतु कारण न जाणणारा दुरुस्तीकार पुनर्भरणाची तारच कापून टाकतो. आवाज थांबतो, पण यंत्राचा मूळ स्वरही हरवतो.

आवाजाची कळ शून्यावर आणताच दोष थांबला, तर तो कळीच्या आधीच्या टप्प्यात उगम पावतो किंवा तेथून जाणाऱ्या वळणात असतो. न थांबल्यास कळीच्या पुढे शोधावा. अशा यंत्रात तीनशे ते पाचशे व्होल्ट दाब असतो व यंत्र बंद केल्यावरही धारित्रांत तो टिकून राहतो. म्हणून धारित्रे रिकामी झाल्याची मापकाने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.

निष्कर्ष :

जुन्या ॲम्प्लिफायरमधील प्रत्येक रोधक, धारित्र व तारेचे वळण हे कोणत्या तरी पूर्वीच्या अडचणीचे उत्तर आहे. या दृष्टीने असे यंत्र हा इतिहासाचा दस्तऐवजच ठरतो. तो न वाचता केलेल्या दुरुस्तीत आंदोलन कदाचित थांबेल. परंतु दस्तऐवज मात्र नष्ट होईल. नलिकांची विद्या जाणणारी पिढी विरळ होत असताना दुरुस्तीचे हे ज्ञान लिखित स्वरूपात जतन करणे अगत्याचे आहे.