किरकोळ व्यापारातील मनुष्यबळ : विविधता आणि वाढते वय

मोठ्या दुकानसाखळ्यांत स्त्रिया व पुरुष, निरनिराळ्या भाषांचे आणि जातिधर्मांचे लोक, अपंग, तृतीयपंथी, तसेच विशीपासून साठीपर्यंतच्या वयाची माणसे एकाच छताखाली काम करू शकतात. त्यांची भरती, प्रशिक्षण, पाळ्या, बढती आणि निवृत्ती यांची न्याय्य आखणी करणे म्हणजे मनुष्यबळातील विविधतेचे व्यवस्थापन. भारतात या चर्चेत लिंग आणि अपंगत्व यांना जागा मिळाली आहे, वयाला मात्र अजून मिळालेली नाही. वय हे विविधतेचेच अंग आहे आणि वाढत्या वयाचा प्रश्न बऱ्याच अंशी कामाच्या मांडणीतून निर्माण होतो, ही या नोंदीची भूमिका आहे. नवी मुंबईतील सारसोळे परिसरात ती पडताळून पाहता येते.

नेरूळ उपनगरातील सारसोळे हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांच्या पट्ट्यात हे गाव येते. पाम बीच मार्गापलीकडे खाडीवर सारसोळेची जेट्टी आहे. जवळच सीवूड्स-दारावे स्थानकावर २०१७ मध्ये मोठा मॉल उभा राहिला. म्हणजे किरकोळ विक्रीच्या दोन तऱ्हा इथे शेजारी नांदतात. कोळणींच्या मासळीबाजारात विक्रेती बसून विकते. पाटी, कोयता, लाकडी ठोकळा सगळे हाताच्या अंतरावर असते आणि कल्ला उघडून ताजेपणा दाखवायला उठावे लागत नाही. त्यामुळे साठी उलटलेल्या बाईचे गिऱ्हाईक टिकते. माशाची पारख आणि माणसाची ओळख वयाबरोबर वाढतच जाते. सुपरमार्केटच्या बिलिंग काउंटरवर मात्र पाळीभर उभे राहून दहा किलोंच्या तांदळाच्या पिशव्या स्कॅनरवरून सरकवाव्या लागतात, तर माल भरणाऱ्याला तळच्या रॅकपर्यंत शंभरदा वाकावे लागते. विकण्याचे काम दोन्हीकडे तेच. पंचेचाळिशीत गुडघे आणि कंबर थकवते ती मॉलमधली मांडणी.

महाराष्ट्रात मोठ्या किरकोळ विक्रीची एक सुरुवात सहकारातून झाली. १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ उभा राहिला, तो कामगारांना रास्त भावात माल मिळावा म्हणून. पुढे खासगी साखळ्यांचा काळ आला; २००२ मध्ये पवईत डी-मार्टचे पहिले दुकान उघडले. या साखळ्यांची भिस्त कंत्राटी कर्मचाऱ्यांवर आहे. डी-मार्ट चालवणाऱ्या ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सच्या वार्षिक अहवालांतही कायम कर्मचाऱ्यांपेक्षा कंत्राटी कर्मचाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त दिसते. म्हणून पाश्चात्त्य देशांतील ‘म्हातारा होणारा कर्मचारीवर्ग’ हा प्रश्न इथे वेगळ्या रूपात येतो. इथे कर्मचारी दुकानात म्हातारा होण्याआधीच बाहेर पडतो, आणि त्याच्याबरोबर त्याने शिकलेले कामही जाते.

कायद्याचे चित्र अपुरे आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतनात स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई केली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने खासगी आस्थापनांनाही समान संधीचे धोरण जाहीर करणे बंधनकारक केले. खासगी नोकरीत वयावरून नाकारले जाण्याविरुद्ध मात्र भारतात कायदा नाही. अमेरिकेत चाळिशीपुढील नोकरदारांसाठी तो १९६७ पासून आहे. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना सेबी या भांडवली बाजाराच्या नियामकाकडे जो शाश्वतता अहवाल द्यावा लागतो, त्याच्या मनुष्यबळाच्या तक्त्यांत लिंग आणि अपंगत्वाचे रकाने आहेत, वयोगटाचा नाही. ज्याची मोजदाद होत नाही त्याची जबाबदारीही कोणी घेत नाही. याचा सर्वाधिक फटका स्त्रियांना बसतो. मुले लहान असताना नोकरी सोडलेली स्त्री चाळिशीत परतू पाहते, तेव्हा तिच्यासमोर वयोमर्यादेची जाहिरात असते आणि तिला दाद मागायला जागा नसते.

प्रौढ वयाचे कर्मचारी दुकानाला परवडतात का, याचा सर्वांत परिचित पुरावा इंग्लंडमधला आहे. बी अँड क्यू या घरदुरुस्तीच्या वस्तू विकणाऱ्या साखळीने १९८९ मध्ये मॅकल्सफील्ड येथे पन्नाशीपुढील कर्मचाऱ्यांचेच दुकान उघडले. वॉरिक विद्यापीठाच्या १९९१ च्या अभ्यासात ते इतर दुकानांपेक्षा १८ टक्के अधिक नफा मिळवताना आढळले. गैरहजेरी ३९ टक्के कमी होती आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण इतर दुकानांच्या सुमारे एक षष्ठांश. एका दुकानावरून सर्वसाधारण नियम काढू नये, हे खरे. पण दुसरा पुरावा वेगळ्या क्षेत्रातून तिकडेच बोट दाखवतो. बीएमडब्ल्यू या मोटार कंपनीने २००७ मध्ये जर्मनीतील डिंगोल्फिंगच्या कारखान्यात सरासरी ४७ वयाचे कामगार एका जुळणीरेषेवर आणले आणि लाकडी फरशी, बसायची सोय, मोठी अक्षरे असे सुमारे ७० छोटे बदल केले. उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली. माणसे तीच राहिली, काम त्यांच्या शरीराच्या बेताचे झाले.

प्रौढ कर्मचारी टिकवण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, भारत तरुण देश आहे. पण २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्राच्या ९.९ टक्के लोकांनी साठी ओलांडलेली होती, आणि तेव्हापासून हे प्रमाण वाढतेच आहे. दुसरा, प्रौढांना ठेवले तर प्रकल्पग्रस्त गावांतल्या तरुणांची संधी जाईल. हा आक्षेप गंभीर आहे, कारण जमीन गेलेल्या घरांना नोकरीची आस आहे. तरीही विशीत घेऊन तिशीत सोडणारी नोकरी त्या तरुणालाही काही देत नाही. त्याच्या हक्काची नोकरी म्हणजे टिकणारी नोकरी. तिसरा, जुना कर्मचारी महाग पडतो. त्याचा पगार दिसतो, पण नव्याला शिकवण्याचा, मालाच्या गळतीचा आणि सणासुदीच्या गर्दीत होणाऱ्या चुकांचा खर्च वेगळा मांडला जात नाही, म्हणून तो हिशेबात येत नाही. कंत्राट तुटले की सेवा तुटते, ही अडचणही अटळ नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंद माथाडी मंडळाकडे ठेवली; व्यापारी बदलला तरी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी चालू राहतात. वाशीचा घाऊक बाजार, म्हणजे सारसोळेपासून काही किलोमीटरवर, याच व्यवस्थेवर चालतो.

यावरून व्यवस्थापनाच्या दिशा ठरतात : वार्षिक अहवालात वयोगटांची नोंद, जाहिरातीतून वयोमर्यादा काढणे, अर्ध्या दिवसाच्या पाळ्या, जड माल आणि विक्री यांची विभागणी, आणि बसण्याचा हक्क. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. केरळात त्यामागे कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांचा लढा होता. महाराष्ट्रात ही तरतूद व्हायला हवी. कोळणीला जे कोणी दिलेले नाही आणि जे तिने स्वतःच्या मांडणीतून मिळवले आहे, ते काउंटरवरच्या बाईला एका स्टुलाने मिळू शकते.