टपालाची थैली

अहेरीच्या परिसरात आकाशयान म्हटले की आठवते ते निवडणुकीच्या दिवसांतले हेलिकॉप्टर. दुर्गम गावांकडे मतदान पथके नेणारे. त्याच्याकडे कोणी विक्रम म्हणून पाहत नाही. ते वेळेवर आले की नाही, एवढेच पाहिले जाते. विमानाचा इतिहासही या कसोटीवर वाचून पाहावा, असे मला वाटते.

दोन महायुद्धांमधला काळ विक्रमांचा होता. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राऊन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला. १९२७ साली लिंडबर्ग एकटाच न्यूयॉर्कहून पॅरिसला पोहोचला. त्यांच्या तुलनेत आपल्याकडील टप्पा साधा दिसतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाच्या 'पस मॉथ' विमानातून टपाल घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले.

या उड्डाणात साहस होतेच. वैमानिकाला वाट दाखवणारी बिनतारी यंत्रणाही नव्हती. पण त्याचे खरे महत्त्व दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. इंग्लंडहून विमानाने कराचीपर्यंत आलेले टपाल पुढे दक्षिणेत नेमाने पोहोचवायचे होते, आणि तेही सरकारी अनुदानाशिवाय. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडे. तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. तरीही सेवा चालू राहिली. पहिल्या वर्षी प्रवासी अवघे १५५, टपाल मात्र सुमारे दहा टन! भारतातील हवाई वाहतूक माणसांच्या नव्हे, पत्रांच्या वजनावर उभी राहिली.

मात्र या हिशेबाला दुसरी बाजू आहे. जेथे पत्रे पुष्कळ, तेथेच मार्ग. कराची, मुंबई, मद्रास ही व्यापाराची शहरे त्या रेषेवर आली. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले अहेरीचे अरण्य तिच्यापासून फार दूर पूर्वेला राहिले. अनुदान नसलेल्या सेवेला याबद्दल दोष देता येणार नाही. पण ज्या गावातून थैलीभर पत्रे निघत नाहीत, त्याच्यापर्यंत कोणी जावे, हा प्रश्न तिने सोडवला नाही. निवडणुकीतले हेलिकॉप्टर त्याचे उत्तर देते खरे. पण तेही मतदानापुरतेच.