नेक्सकार-१९
रक्ताच्या काही कर्करोगांवर भारतात विकसित झालेला पहिला जनुकपरिवर्तित कोशिका-उपचार. रुग्णाच्या रक्तातील टी-कोशिका वेगळ्या काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालतात. परिणामी कोशिकापृष्ठावर कृत्रिम ग्राही प्रथिन निर्माण होते. संख्या वाढवून पुन्हा शरीरात सोडलेल्या या कोशिका ‘सीडी-१९’ हे प्रथिन धारण करणाऱ्या बी-कोशिका ओळखून नष्ट करतात. मात्र त्यांत निरोगी बी-कोशिकाही सापडतात.

अमेरिकेत अशा उपचारास २०१७ मध्ये प्रथम मान्यता मिळाली. तथापि कोट्यवधी रुपयांच्या खर्चामुळे बहुतेक भारतीय रुग्णांना तो अप्राप्य होता. मुंबई उपनगरातील पवई येथील आयआयटीमध्ये राहुल पुरवार व सहकाऱ्यांनी टाटा मेमोरियल सेंटरच्या साहाय्याने हा पर्याय सिद्ध केला. २०२१ मध्ये रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने त्यास मान्यता दिली व ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ७३ टक्के रुग्णांत रोग ओसरला. रक्तकोशिकांची घट हा प्रमुख दुष्परिणाम आढळला. परदेशातील खर्चाच्या सुमारे एक-दशांश खर्चात तो होत असला, तरी ही रक्कमही काही लाखांत असल्याने सामान्य कुटुंबास ती सहज पेलणारी नाही.