दर हजारी एक : ग्राम आरोग्य सेवकाच्या संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

भारतातील आरोग्य व्यवस्थेच्या सुधारणेचा विचार बहुधा रुग्णालये, खाटा आणि डॉक्टरांची संख्या यांच्या अंगाने केला जातो. त्याच्या जोडीने आणखी एक विचार सातत्याने मांडला गेला आहे. गावातीलच व्यक्तीला प्रशिक्षण देऊन दर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य सेवक उभा करावा, हा तो विचार होय. १९४०, १९७७ आणि २००५ असा तीन वेळा तो राष्ट्रीय पातळीवर स्वीकारला गेला. तरीही या सेवकाचे व्यवस्थेतील स्थान अनिश्चितच का राहिले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

सोखी उपसमिती आणि भोर समिती :

काँग्रेसने १९३८ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यविषयक उपसमिती मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिब सिंग सोखी यांच्या अध्यक्षतेखाली काम करीत होती. तिच्या अंतरिम अहवालावर आधारित ठरावात, १९४० मध्ये, दर हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य सेवक तयार करावा असे म्हटले होते. प्रथमोपचार, साधे औषधोपचार आणि स्वच्छता एवढे त्याचे कार्यक्षेत्र होते.

ब्रिटिश सरकारने १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने मात्र वेगळा मार्ग धरला. (सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.) १९४६ च्या अहवालात समितीने ४०,००० लोकसंख्येसाठी एक प्राथमिक केंद्र सुचविले आणि गावोगावी ५ ते ७ जणांची आरोग्य समितीही सुचविली. परंतु डॉक्टर एकाच दर्जाचा, पदवीधर असावा, हा तिचा आग्रह होता. त्यामुळे कमी मुदतीचे लायसेन्शिएट शिक्षण बंद करण्याची शिफारस झाली. त्या वेळच्या नोंदणीकृत डॉक्टरांत निम्म्याहून अधिक लायसेन्शिएटच होते आणि समितीतील काही सदस्यांनी या मुद्द्यावर भिन्नमतही नोंदविले होते. गरिबाला दुय्यम दर्जाची सेवा नको, ही समितीची भूमिका उदात्त होती यात शंका नाही. परंतु पदवीधर डॉक्टर खेड्यात जाऊन राहील, हे गृहीतक पुढे खरे ठरले नाही.

जामखेडचा प्रयोग :

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. आरंभी त्यांनीही प्रशिक्षित परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. त्या टिकल्या नाहीत. तेव्हा गावाने निवडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर व दलित समाजातील होत्या. हे प्रशिक्षण एकदाच उरकले गेले नाही. या स्त्रिया नियमितपणे जामखेडला येत, अनुभव सांगत, नवे शिकत आणि त्यांनी पाठविलेल्या रुग्णासाठी तेथील रुग्णालयाचे दार उघडे असे. प्रस्तुत लेखिकेच्या मते प्रयोगाचे मर्म येथेच आहे. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात त्याची दखल घेतली गेली; १९७८ ची अल्मा आटा परिषद त्यानंतरची.

१९७७ ची योजना :

जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी समुदाय आरोग्य सेवक योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन आणि तेवढ्याच किमतीची औषधे, असे तिचे स्वरूप होते. निवडले गेले ते प्रामुख्याने पुरुष, आणि निवडीत गावातील वजनदार मंडळींचा शब्द चालला. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. पुढे सेवकाचा 'स्वयंसेवक' झाला, १९८१ मध्ये 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' झाला. नाव बदलत गेले, मानधन मात्र तेथेच थांबले. जामखेडमधून दर हजारी एक हा आकडा आणि अल्प खर्च एवढेच घेतले गेले. सततचे शिक्षण आणि पाठीशी असलेले रुग्णालय मागे राहिले.

आशा :

अल्प शिक्षित सेवकाच्या क्षमतेविषयीची शंका गडचिरोलीने बऱ्याच अंशी दूर केली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया नवजात अर्भकांवर घरीच उपचार करू शकतात व बालमृत्यू लक्षणीय घटतात, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात पुन्हा दर हजारी एक 'आशा' आली. या वेळी ती स्त्री होती, ही १९७७ च्या तुलनेत मोठी सुधारणा. परंतु मोबदला कामागणिक ठरला. ज्या कामाला दर आहे ते मोजले जाते. गावकऱ्यांशी बोलण्यात, समजूत घालण्यात गेलेला दिवस कोणत्याही रकान्यात बसत नाही. शिवाय ती गावाला उत्तरदायी की आरोग्य केंद्राला, हा प्रश्नही सुटलेला नाही.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. वाढ मंजूर झाली. शासकीय कागदपत्रांत त्यांचे पदनाम मात्र 'आशा स्वयंसेविका' असेच राहिले.