एप्रिलमधल्या गाण्यांच्या तारखा. गायक ध्यानात, लिहिणारा मात्र विसरला

यवतमाळ : 14 एप्रिलला जिल्ह्यातल्या गावोगावी भीमजयंतीची मिरवणूक निघते. त्यात वाजणारी ‘भीमवंदना’ लहान पोरांनाही पाठ असते. ती लिहिली सुरेश भटांनी, हे मात्र अनेकांना माहीत नसतं. योगायोग असा, की भटांचा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी येतो. त्यांचा जन्म 15 एप्रिल 1932 चा, आपल्या शेजारच्या अमरावतीचा. लहानपणी पोलिओने पाय अधू झाला, तरी मराठी गझल गावागावात नेली ती याच माणसाने. 1982 च्या ‘उंबरठा’ सिनेमातली लता मंगेशकरांनी गायिलेली गझलही त्यांचीच. मोबाइलवर ती लताबाईंच्या नावाने फिरते, भटांचं नाव क्वचितच दिसतं.

आपल्या जिल्ह्याचाही यात वाटा आहे. आर्णीचे सुधाकर कदम यांनी भटांच्या गझलांना चाली लावल्या आणि महाराष्ट्रभर कार्यक्रम केले. भटांचं निधन 14 मार्च 2003 रोजी नागपुरात झालं.

30 एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्म, मूळ नाव माणिक इंगळे. हा दिवस ‘ग्रामजयंती’ म्हणून पाळतात. हातात खंजिरी घेऊन त्यांनी गावं जागी केली, ‘ग्रामगीता’ लिहिली. त्यांच्या भजनाचा कर्ता कोण, हे विचारावं लागत नाही, कारण शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ आपलं नाव सांगूनच जातो. जुन्या संतांची ही रीत. सिनेमा आणि रेडिओच्या गाण्यात ती सोय नाही, तिथे नाव कुणीतरी सांगावं लागतं.

रेडिओचं निघालंच आहे तर 1 एप्रिल 1955 ही तारीखही ध्यानात ठेवण्यासारखी. त्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं. दर आठवड्याला एक, अशी वर्षभरात 56 गाणी झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. इथे दोन्ही नावं टिकली, हे विशेष.

महिना सरला की 1 मे, महाराष्ट्र दिन. झेंडावंदनाला ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ लागतं. 19 फेब्रुवारी 2023 पासून ते राज्यगीत आहे. आवाज शाहीर साबळेंचा. चाल श्रीनिवास खळेंची, त्यांचाही जन्म 30 एप्रिलचाच, सन 1926. म्हणजे 2026 मध्ये शंभर वर्षं. आणि शब्द? ते राजा बढे यांचे, आपल्या विदर्भातल्या नागपूरचे. त्यांचं निधन 7 एप्रिल 1977 रोजी झालं. जयंतीचं स्टेटस साबळेंचं दिसतं, खळेंचंही अधूनमधून दिसतं. 7 एप्रिलला बढेंचं ठेवणारा विरळाच.