अमृत, मोह आणि एक रिटायर्ड मास्तर

मध्यंतरी अकोल्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगत बसायला वेळ होता, सगळे मांडवात गप्पा मारत बसले होते. तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाने मोठ्याने विचारलं, "आबा, तुम्ही दारू पिता म्हणे?" आजूबाजूच्या चार खुर्च्या एकदम गप्प झाल्या. बहिणीने त्याच्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, "हो, व्हिस्की. पंधरा दिवसांतून एकदा, दोन बोटं." पोरगं काही सोडायला तयार नाही. म्हणालं, "मग ते गाडगेबाबांचं?" त्यांच्या शाळेत नुकतीच बाबांची जयंती झाली होती. नेमकी पानं मांडायला सुरुवात झाली म्हणून मी सुटलो.

पण शिक्षकाला विद्यार्थ्याचा प्रश्न असा सोडता येत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या भागात गाडगेबाबा म्हणजे पुस्तकातला धडा नाही, घरातलं माणूस. त्यांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी गेले, घरची धूळधाण झाली आणि लहानगा डेबू आईबरोबर मामाकडे दापुऱ्याला, मूर्तिजापूर तालुक्यात आला. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यायची होती, तेव्हा या माणसाने गोडाचं जेवण घातलं. हा प्रसंग मी तीस वर्षं वर्गात सांगितला, आणि मनापासून सांगितला. कारण माझा स्वतःचा एक मामा तसाच गेला. आईने त्यानंतर 'दारू' हा शब्दसुद्धा कधी उच्चारला नाही. "त्याला ते होतं" एवढंच म्हणायची, जसं काही क्षयाबद्दल बोलावं तसं.

त्यामुळे वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत मी थेंब घेतला नव्हता. २०१२ साली मुलाकडे बंगलोरला गेलो होतो. रात्री तो आणि त्याचा एक मित्र बसले होते. टेबलावर बाटली. मी नाक मुरडून उठणार, तेवढ्यात लेबल वाचलं. 'अमृत'. मराठीच्या मास्तराला एवढं पुरलं! हे नाव कुणी ठेवलं म्हणून विचारलं तर मुलगा म्हणाला, "बाबा, कंपनीचे मालक जगदाळे आहेत."

जगदाळे! आता बसणं भाग होतं.

तर गोष्ट अशी. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली बंगलोरला ही डिस्टिलरी काढली. सुरुवातीची कित्येक वर्षं ती रम, ब्रँडी आणि साधी मिश्र व्हिस्की करायची. लष्कराच्या कँटीनला रम पुरवायची. ऐंशीच्या दशकात त्यांनी सातूपासून माल्ट गाळायला घेतला, पण तोही मिश्रणात घालण्यासाठी. राधाकृष्णांचे चिरंजीव नीलकंठ जगदाळे यांच्या डोक्यात मात्र निखळ माल्टची, म्हणजे सिंगल माल्टची कल्पना होती. त्यांचा मुलगा रक्षित इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला एमबीए करत होता. त्याला वडिलांनी सांगितलं, तिथल्या हिंदुस्थानी हॉटेलांत आपली माल्ट खपेल का याचाच अभ्यास कर. पोराने तोच प्रबंधाचा विषय केला. २४ ऑगस्ट २००४ ला त्यांनी आपली बाटली जगासमोर ठेवली, आणि कुठे? तर स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला! नागपूरवाल्याला संत्री विकायला जाण्यातला हा प्रकार. पहिली काही वर्षं धंदा तोट्यातच होता. मग जिम मरे नावाच्या इंग्रज समीक्षकाने २०१० च्या आपल्या ग्रंथात त्यांच्या 'फ्यूजन'ला १०० पैकी ९७ गुण देऊन जगात तिसरा नंबर दिला आणि चित्र पालटलं. आपल्या देशात, बंगलोरच्या दुकानात, ती बाटली दिसायला लागली तीही २०१० मध्येच. घरचा जोगी म्हणतात तो असा. नीलकंठराव २०१९ मध्ये गेले.

त्या रात्री मी चमचाभर घेतली असेल. आधी नाकाशी धरा, असं मुलाच्या मित्राने बजावलं होतं. खरं सांगतो, वास आला तो वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या सालीचा, मागून काकवीचा, आणि अगदी शेवटी चुलीच्या धुराचा. धुराचं कारण नंतर कळलं. स्कॉटलंडमध्ये दलदलीतली कुजलेली झाडंझुडपं हजारो वर्षांत दबून त्यांचा मातीसारखा थर होतो, त्याला पीट म्हणतात. ते कापून, वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेला सातू सुकवतात. 'फ्यूजन'मध्ये आपल्याकडचा साधा सातू आणि तिकडून आणलेला धुरी दिलेला सातू, असे दोन्ही असतात.

एकदा हे वाचायला लागलो आणि वाहवत गेलो. शिक्षकाला नवा विषय मिळाला की तो पिण्यापेक्षा वाचतोच जास्त. आम्ही चार निवृत्त मंडळी महिन्यातून दोन शनिवार जमतो. एक बाटली चार-पाच महिने पुरते. प्रत्येकाच्या हातात शंभर पानी वही, कुणाला कशाचा वास आला ते लिहून एकमेकांना वाचून दाखवायचं. एकाला प्रत्येक व्हिस्कीत आंब्याच्या लोणच्याचा वास येतो. असो.

मला सगळ्यात गंमत वाटली ती उन्हाची. व्हिस्की लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात तेव्हा तिचा काही भाग उडून जातो. त्याला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के. बंगलोरला १० ते १२ टक्के. म्हणजे तिकडची बारा-अठरा वर्षांची मुरवण इथे करायला गेलं तर पिंप जवळजवळ रिकामंच सापडायचं. पण उन्हामुळे लाकडाचा रंग आणि चव चार-पाच वर्षांतच उतरते. आठ वर्षं टिकलेली थोडी व्हिस्की कंपनीने २०१३ साली काढली तिचं नावच 'ग्रीडी एंजल्स', हावरे देवदूत. बंगलोरला ही कथा, तर आमच्या अकोल्याच्या सत्तेचाळीस डिग्रीत देवदूतांनी पिंपसुद्धा शिल्लक ठेवलं नसतं.

आता मुद्द्याचा इतिहास. स्कॉटलंडच्या सरकारी हिशेबात १४९४ साली जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला 'जीवनजल' करण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे. गेलिक भाषेत जीवनजलाला उश्क बेहा म्हणतात, व्हिस्की हा त्याचाच अपभ्रंश. म्हणजे आपलं अमृतच की. पुढे सरकारने कर बसवले आणि डोंगरदऱ्यांतले शेतकरी चोरून भट्ट्या लावायला लागले. मुलखातली बरीचशी व्हिस्की ही अशी हातभट्टीचीच होती. मग १८२३ मध्ये कायदा बदलला. माफक परवाना फी भरा, कर कमी करतो, उजळ माथ्याने गाळा. ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने १८२४ मध्ये परवाना घेतला, त्याचा शेजाऱ्यांना इतका राग आला की त्याला पिस्तुलं बाळगून फिरावं लागलं. आज ज्या बाटल्या विमानतळावर काचेच्या कपाटात दिसतात, त्यांची आजी-पणजी हातभट्टीवाली होती.

आणि त्याच साहेबाने आपल्याकडे काय केलं? मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. गावोगावची भट्टी बंद, दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या कारखान्यात आणि मक्तेदारांकडे. मग १८९२ मध्ये तर खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा झाला. ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींनी झाडाखाली पडलेली फुलं गोळा करून घरात ठेवणं हा गुन्हा! दारू नव्हे हो, फुलं. जी फुलं ते टंचाईत खात, गुरांना घालत. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याला परवाना, आमच्या वारल्याला बेडी. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, पण कारभार करणारा साहेब तोच आणि अबकारीच्या उत्पन्नावरची नजरही तीच.

मेळघाटात चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात. कोरकू बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचतात. फुलं वाळवतात, भिजवून आंबवतात, मडक्यात उकळतात आणि वाफ नळीतून गार भांड्यात सोडतात. स्कॉटलंडच्या तांब्याच्या भांड्यातही तत्त्व हेच, फरक भांड्याचा आणि पिंपाचा. कोरकूंच्या लग्नात, मरणात, देवाच्या पुढे ती लागते. महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करण्या-बाळगण्यावरची बंधनं उठवली ती २०२१ मध्ये. एवढी वर्षं!

पण म्हणून सगळा दोष साहेबावर टाकून मोकळं होता येत नाही. दारूने घरं बुडत होती हे आपल्याच लोकांनी ओरडून सांगितलं. जोतिरावांनी १८८० मध्ये पुण्यात वाढत्या गुत्त्यांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. १९०८ मध्ये टिळकांच्या मंडळींनी दुकानांपुढे पहारे केले. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ च्या फेब्रुवारीत, त्याआधी महिनाभर, २३ जानेवारीला, गडकरी आमच्या विदर्भात सावनेरला वारले होते. त्या नाटकातला सुधाकर वकील आहे, शिकलेला, हुशार, अब्रूदार. तळीरामाच्या 'आर्यमदिरामंडळा'ची मंडळीही स्वतःला रसिकच समजतात. आमच्या शनिवारच्या बैठकीत वह्या उघडताना मला दर वेळी ते मंडळ आठवतं, आणि थोडं ओशाळायला होतं.

मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेस सरकारने १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा केला, निवडक भागांत. मुंबई राज्याचा कायदा १९४९ चा. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९५९ मध्ये तो कायदा आम्हालाही लागू झाला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. मामा त्या बंदीच्याच काळात गेला. दुकान बंद होतं, हातभट्टी नव्हती बंद. पुढे साठच्या दशकात परवाने सैल झाले, १९७३ पासून सरकारमान्य देशी दारू आली. कायदा मात्र अजून दारूबंदीचाच आहे, परवाना लागतो. मी शहाण्यासारखा आजीवन परवाना काढायला गेलो, तर दुकानातला फॉर्म भरून देणारा माझाच विद्यार्थी निघाला. "गुर्जी, तुमी?" म्हणाला आणि उठून उभा राहिला. मग हळूच, "काहून जी, तब्येत बरी नाही काय?" त्याच्या मते मास्तराने दारू घ्यायची तर औषध म्हणूनच.

आणखी एक गोष्ट मला छळते. २००७ मध्ये आपल्या सरकारने ज्वारीसारख्या धान्यापासून मद्य करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे १० रुपये अनुदान द्यायचं धोरण आणलं. शेतकऱ्याला भाव मिळेल म्हणे. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांनी कडाडून विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं. मीही तेव्हा विरोधातच होतो, शाळेत सह्या गोळा केल्या होत्या. आज सातूच्या व्हिस्कीचं कौतुक करताना ज्वारीच्या दारूला विरोध कसा, हे मला नीट सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की बंगलोरच्या जगदाळ्यांची बाटली कोणी पोराच्या फीचे पैसे देऊन घेत नाही, आणि ते कारखाने ज्या गिऱ्हाइकासाठी होते, तो घेतो. त्याची बायको शाळेत दाखला काढून न्यायला आलेली मी पाहिली आहे. सातवीतलं पोरगं, गणितात पहिलं. वीटभट्टीवर लावलं. शाळा सोडल्याचं कारण या रकान्यात मी 'पालकांचे स्थलांतर' लिहिलं होतं. खरं कारण लिहायला रकाना नव्हता.

हिचं म्हणणं साधं आहे. ती म्हणते, "तुमच्याकडे वही आहे म्हणून छंद, त्याच्याकडे नाही म्हणून व्यसन." यावर मी अजून तरी काही बोललेलो नाही. बाटली मात्र ती देवघराच्या खोलीतल्या कपाटात ठेवू देत नाही, माझ्या पुस्तकांच्या मागे ठेवते.

बहिणीने हे नातवाला वाचून दाखवायचं कबूल केलं आहे, 'हावरे देवदूत' तेवढं गाळून. मी म्हटलं, अगं, त्याला नेमकं तेच आवडेल.